शास्त्रीय संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका : श्रवण, संग्रह व नोंद
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून स्थानबद्ध असलेल्या राष्ट्रीय नेत्यांमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद हे एक होते. तेथे त्यांनी लिहिलेली पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. त्यांतील एक दीर्घ पत्र संगीताला वाहिलेले आहे. तरुणपणी सतार शिकलेल्या या विद्वानाला बंदिवासात संगीत केवळ आठवणीतून जागवावे लागले. मैफलीपासून दूर राहणाऱ्या प्रत्येक रसिकाची अडचण थोड्याफार फरकाने हीच होती. ग्रामोफोनने ती पुष्कळ अंशी दूर केली. मोठ्या शहरातील गायकाला जे श्रोते प्रत्यक्ष ऐकू शकत नव्हते, त्यांच्या घरी त्याचा आवाज तबकडीतून पोहोचला. या तबकड्या कशा ऐकाव्यात आणि त्यांची नोंद का व कशी करावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकाता येथे प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी या दौऱ्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. गाणे संपताच गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे, त्यामुळे परदेशातील कामगारांना तबकडीची ओळख पटणे सुलभ होई. 1908 मध्ये कोलकात्यातच छपाईचा कारखाना सुरू झाला.

ही तबकडी मुख्यतः लाख व खनिज भुकटी यांच्या मिश्रणाची असे. मिनिटाला सुमारे 78 फेरे या गतीने दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे, तर बारा इंची तबकडीवर चार मिनिटांहून थोडे अधिक गायन मावत असे. तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविणे म्हणजे केवळ त्याची काटछाट करणे नव्हे. आलाप आटोपशीर ठेवून मुखडा, रागाची ओळख पटविणारी स्वरवाक्ये आणि मोजक्या ताना यांची नवी मांडणी गायकाला करावी लागे. म्हणूनच तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका हा मैफलीचा तुकडा नसून एक स्वतंत्र आविष्कार आहे, असे मानणे योग्य ठरेल. तिच्यावरून एखाद्या गायकाची विलंबित लय वा रागविस्ताराची पद्धती ठरविणे मात्र धोक्याचे आहे.

जे मुद्रित झाले आणि जे राहिले

उस्ताद अल्लादिया खाँ 1946 पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. 1922 मध्ये निवर्तलेल्या पं. भास्करबुवा बखले यांच्याविषयीही तेच म्हणावे लागते. या दोघांची गायकी आज आपल्याला शिष्यांच्या मार्फत ऐकावी लागते. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर, तसेच भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव व बालगंधर्व यांच्या तबकड्या म्हणूनच दुहेरी मोलाच्या आहेत. केसरबाईंचे भैरवीतील सुमारे साडेतीन मिनिटांचे गायन 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळातही गेले.

एका तबकडीचा परिणाम किती खोल असू शकतो, याचे ठळक उदाहरण पं. भीमसेन जोशी यांचे आहे. बालवयात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून ते भारावले आणि पुढे गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले.

श्रवणाची पद्धती

जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. गती वाढली की लय जलद होते आणि स्वरही चढतो. 78 ऐवजी सुमारे 82.6 फेऱ्यांनी तबकडी फिरविल्यास संपूर्ण गायन अर्ध्या स्वराने वर जाते, म्हणजे काळी एकमधील गायन पांढरी दोनमध्ये ऐकू येते. अशा वेळी गायकाचा आवाज पातळ व ताना अवाजवी वेगवान वाटतात. गायकाची नेहमीची पट्टी ज्ञात असल्यास सुरेल हार्मोनियमशी ताडून गती ठरविता येते.

दुसरी बाब सुईची. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला दीर्घ वादन तबकडीची बारीक सुई लावल्यास ती खाचेच्या तळाशी घसरते आणि खरखर वाढते. तिसरी बाब संगणकावर उतरविलेल्या ध्वनीची. खरखर पूर्णपणे गाळताना तंबोऱ्याचा झंकार व आवाजातील बारकावेही नष्ट होतात. म्हणून प्रथम काहीही न गाळता एक प्रत जपून ठेवावी आणि शुद्धीकरण दुसऱ्या प्रतीवर करावे.

जतन व नोंद

हा जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेत मोडतो. कोकणाच्या तुलनेने येथे बुरशीचे भय कमी असले तरी धूळ व उन्हाळ्यातील उष्णता यांपासून तबकड्यांना जपावे लागते. पत्र्याच्या छपराखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या तबकड्या वाकतात. त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. स्वच्छतेसाठी स्पिरिट वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते.

तथापि सर्वांत मोठा धोका अज्ञानाचा आहे. संग्राहकाच्या पश्चात वारसांना संग्रहाचे मोल ठाऊक नसेल तर तो भंगारात जातो. तबकडी वाचली पण तिची ओळख हरवली, तरी अभ्यासकाचे तितकेच नुकसान होते. प्रत्येक तबकडीची नोंद करताना कंपनी, लेबलवरील क्रमांक, मध्यभागाजवळ कोरलेला मूळ साच्याचा क्रमांक, गायक, राग, तबकडीचा आकार, तिची स्थिती आणि ती कोणाकडून आली, एवढी माहिती अवश्य लिहावी. साच्याच्या क्रमांकावरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरविण्यास मोठी मदत होते. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आपल्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून अशा माहितीचे संकलन प्रसिद्ध केले आहे.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. मूळ शब्द व स्वररचना यांचे हक्क वेगळे असू शकतात, ही गोष्ट प्रती वितरित करण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

समारोप

संग्रह म्हणजे वस्तूंचा साठा नव्हे. जी तबकडी योग्य गतीने ऐकली जाते आणि जिची नोंद दुसऱ्याला वाचता येते, तीच खऱ्या अर्थाने संगृहीत झाली असे म्हणता येईल. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे. घरोघरच्या तबकड्या ताब्यात घेण्याची आवश्यकता नाही. मालकाच्या संमतीने, त्याच्याच घरी बसून, विद्यार्थ्यांनी एका वहीत यादी केली तरी पुरे. हे काम अल्पखर्चाचे आहे, परंतु ज्यांच्या आठवणीत या तबकड्यांचा इतिहास आहे, ती पिढी झपाट्याने मावळत आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपल्याला पुन्हा मिळणार नाही. जे आवाज मुद्रित झाले, ते केवळ नोंदीअभावी गमावणे हा मात्र आपला दोष ठरेल.