पट्टीशिवाय सरळ रेघ

वर्तुळ काढायला आधी तयार वर्तुळ लागत नाही. कंपासचं टोक रोवलं, पेन्सिल फिरवली की झालं. सरळ रेघ मात्र आपण पट्टीच्या कडेने ओढतो, म्हणजे आधीच्या सरळपणाची नक्कल करतो. मग पहिली पट्टी कशाच्या कडेने आखली?

प्रश्न वात्रट वाटेल, पण जेम्स वॉटचं त्याच्या उत्तरावाचून अडलं होतं. त्याच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ वर-खाली जाई आणि त्याला जोडलेल्या तुळईचं टोक कमानीत फिरे. दट्ट्या नुसता ओढत होता तोवर साखळीने भागलं. तो ढकलायलाही लागल्यावर साखळी काय कामाची? वॉटने १७८४ साली सांधलेल्या दांड्यांच्या जुळणीचं पेटंट घेतलं. तिच्यावरचा बिंदू खरं तर लांबट इंग्रजी आठ काढतो. त्याचा मधला तुकडा जवळजवळ सरळ असतो. इंजिनापेक्षाही या जुळणीचा त्याला अभिमान होता.

ते ‘जवळजवळ’ पुढे ऐंशी वर्षं टिकलं. चेबिशेव्हसारख्या गणितज्ञाच्या जुळण्याही त्यापलीकडे गेल्या नाहीत. १८६४ मध्ये पोसेलिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने सपाटीवरच्या सात दांड्यांत तो प्रश्न सोडवला. पुढे चेबिशेव्हचाच विद्यार्थी लिपकिन स्वतंत्रपणे तिथेच पोचला.

मी ती जुळणी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची केली. २५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या एका स्थिर खिळ्यापासून निघतात. त्यांच्या टोकांना १५-१५ च्या चार पट्ट्यांचा समभुज चौकोन. त्याचा जवळचा कोपरा खिळ्यापासून १६ वर असला तर समोरचा २५ वर. जवळचा साडेबारावर आणला तर समोरचा ३२ वर. गुणाकार दरवेळी ४००. सातवी पट्टी जवळच्या कोपऱ्याला अशा वर्तुळावर फिरवते, जे त्या खिळ्यातूनच जातं. या गुणाकारामुळे त्या वर्तुळाची समोरच्या कोपऱ्याशी रेघ होते. माझी जरा थरथरली; भोकं सैल होती, पोसेलिएचा त्यात दोष नाही.

१८७४ मध्ये गणितज्ञ सिल्व्हेस्टरने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या जुळणीवर व्याख्यान दिलं. त्यातून नादावलेला केम्पे व्यवसायाने वकील. १८७६ मध्ये त्याने दावा ठोकला: बहुपदी समीकरणाने मांडता येणाऱ्या कुठल्याही वक्राचा हवा तो तुकडा निव्वळ सांधलेल्या दांड्यांनी काढता येतो. वकिलाच्या युक्तिवादात फट निघाली, पण दावा खरा ठरला. फक्त त्याच्या पद्धतीने साध्या वक्रालाही इतके दांडे लागतात, की ते यंत्र कागदावरच बरं.

ब्रिटिश पार्लमेंटच्या इमारतीत हवा खेळवणाऱ्या इंजिनांना मात्र पोसेलिएची जुळणी खरोखर बसवली होती. ती फारसा आवाज न करता चालायची.