अख्खं घर मोरीसारखं!

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. आम्ही अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनला राहतो. दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या कौतुकाने तिला आमचा झाडू मारणारा रोबो दाखवला. आधी बायकोने खुर्च्या टेबलावर चढवल्या, मी वायरी गुंडाळल्या, मुलीने खेळणी उचलली. मग ती थाळीएवढी चकती घरभर फिरली आणि शेवटी सोफ्याखाली अडकून बसली. आई म्हणाली, "अरे, ह्याच्यासाठी आधी आपणच घर आवरायचं, तर मग हा करतो काय?"

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, रोजचं कामच ऑटोमेशनचं. तरी उत्तर सुचेना. म्हणून तिला फ्रान्सिस गेब यांची गोष्ट सांगितली.

आमच्याकडून पाऊण तासाच्या आत न्यूबर्ग हे द्राक्षमळ्यांचं गाव लागतं. तिथे गेबबाईंनी स्वतःच धुवून निघणारं घर बांधलं होतं. वडील बांधकामातले, नवऱ्याबरोबर घरदुरुस्तीचा व्यवसाय केलेला, त्यामुळे हातात कसब होतं. झाडणं-पुसणं मात्र मनापासून नकोसं. मग त्यांनी खोल्यांच्या छतालाच फवारे बसवले. बटण दाबलं की आधी साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग सगळं वाळवायला गरम हवा. जमिनीला किंचित उतार, म्हणजे पाणी आपोआप बाहेर. त्याच पाण्यात कुत्र्याचं घरही धुवून निघायचं! भांडी कपाटातच धुतली जायची आणि तिथेच वाळायची, कपडेही टांगल्याजागी. अशा ६८ युक्त्या त्या घरात होत्या. १९८४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. फवारा चालू करताना बाई स्वतः छत्री धरून उभ्या राहायच्या.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अख्खं घर मोरीसारखं!"

मी हसलो, पण तिचं बरोबर होतं. आमच्या साताऱ्याच्या घरी मोरी बांधून झाली की गवंडी बादलीभर पाणी ओतून उतार तपासायचा. दिवाळीच्या आधी आई शहाबादी फरशीवर बादल्या ओतून खराट्याने घर धुवून काढायची. गेबबाईंनी यंत्राकडून करून घेतलं, ते आईने हातांनी केलं.

मग असली घरं सगळीकडे का झाली नाहीत? ते घर एकच राहिलं. इथली बहुतेक घरं लाकडाच्या सांगाड्याची, आत कार्पेट. पाणी मारलं की कुजणार. गेबबाईंच्या घरात कार्पेट नव्हतं, फर्निचर पाण्याला दाद न देणारं, पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं, नाजूक वस्तू काचेखाली. यंत्र घराची सेवा करणार, पण आधी घराने यंत्रासाठी बदलायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही गिऱ्हाईक इथेच मागे फिरतं.

आणि आपल्याकडे? आपली फरशी तर पाणी सोसते. पण तिथे असलं यंत्र हवंय असं कुणाला वाटलंच नाही. घरात आई होती, नाहीतर महिन्याच्या पगारावर कामाला येणाऱ्या मावशी. जे काम फुकटात किंवा स्वस्तात होतं, त्यावर डोकं कोण चालवणार? हा प्रश्न डोकं लावण्याजोगा आहे, हे गेबबाईंना कळलं, कारण झाडू त्यांच्याच हातात होता. त्या १०१ वर्षं जगल्या, २०१६ मध्ये गेल्या. त्याआधीच घरातली बहुतेक यंत्रणा बंद पडली होती.

दोन वर्षांपूर्वी आईचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. मला मात्र उकिडवी बसून, फडकं पिळत पुढे सरकणारी आई दिसत राहिली. ती पुसत जवळ आली की बाबा आणि मी खुर्चीत पाय वर घ्यायचो. एवढाच आमचा हातभार!

आई परत जायच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसलो होतो. रोबो घरघरत जवळ आला आणि मी नकळत पाय वर घेतले.

आई समोरच बसली होती. म्हणाली, "सवय काही गेली नाही तुझी."

मी लॅपटॉप बंद केला आणि झाडू शोधायला उठलो. तो कुठे ठेवतात, हे मुलीला विचारावं लागलं.