एकहाती

“तुला कुणी सांगितलंय लिहायला?”

१९९८ च्या श्रावणात आईनं मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. कराडात घाटाकडच्या गल्लीत आमचं जुनं घर. माजघरात मी झेरॉक्सची पानं पसरली होती. ती दुमडून, चार पानांचं एकेक पत्रक करून पाकिटात घालत होतो. पत्रकात कृष्णा-कोयनेला आलेल्या पाण्याची हकीगत होती, घाटावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याशी झालेलं बोलणं होतं, नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकाविषयी दीड पान होतं आणि नकट्या रावळ्याच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना लहानपणी वाटलेली भीती होती. ओळखीच्या शेहेचाळीस माणसांना मी ते बुकपोस्टानं पाठवलं. दर महिन्याला पाठवायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आईच्या बोलण्यात राग नव्हता. कुणी मागितलेलं नसताना, पैसे मिळणार नसताना माणूस का लिहितो, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. पत्रक मात्र अधूनमधून थांबत, पुन्हा सुरू होत आजवर चाललं आहे. एवढ्या वर्षांत मी इतरांकडे पाहत आलो. आपल्या मराठी मुलखात ज्यांनी एकहाती लिहिलं, स्वतःच्या नावावर स्वतःचा कागद चालवला, त्यांचं कसं निभावलं? कशानं बळ मिळालं, कुठं श्वास तुटला? संपूर्ण इतिहास सांगण्याचा आव इथं नाही. एका कराडकरानं आपल्या खिडकीतून पाहिलेलं तेवढं मांडतो.

या खिडकीतून पहिल्यांदा दिसतं ते टेंभू. आज हे नाव घेतलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडच्या दुष्काळी रानात नेणारी ती योजना. पण १४ जुलै १८५६ ला याच गावात गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी या मुलानं कराडच्या कचेरीत कारकुनी केली, रत्नागिरीला पायी गेला, अकोल्याला नातेवाइकांकडे राहून पुढे शिकला. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की आपण पोटापुरत्या पगारावर राहून लोकांसाठी काम करणार आहोत. ते पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा टेंभूतल्या त्या माउलीचा चेहरा डोळ्यापुढे येतो. तिनंही मनातल्या मनात तोच प्रश्न विचारला असेल.

आगरकर १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये त्यांना आणि टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं. बाहेर आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ लिहिलं. पंचविशी ओलांडलेला एक तरुण तुरुंगातली खोली, जेवण, पहारेकरी, मित्राबरोबर झालेल्या चर्चा हे सगळं मराठीत मोकळेपणानं सांगतो आहे, हेच त्या काळात नवं होतं. ‘सुधारक’मधल्या निबंधांमुळे आगरकर मोठे आहेतच. पण मला ते आपले वाटतात या लहानशा पुस्तकामुळे. स्वतःवर गुदरलेलं सांगायला लाजू नये, हे मी तिथं शिकलो.

सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद वाढले आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभरानं, ऑक्टोबर १८८८ मध्ये, ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू काही वर्षं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली, मराठी बाजूचा भार आगरकरांवर. स्वतःचं पत्र असलं की कुणाला विचारून लिहावं लागत नाही, हे सुख आहे. त्याची किंमतही एकट्यालाच मोजावी लागते. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दमा होता, कॉलेजचं काम होतं, १८९२ पासून फर्ग्युसनचं प्राचार्यपद होतं, आणि दर आठवड्याला अंक होता. १७ जून १८९५ ला ते गेले तेव्हा वयाला एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ‘सुधारक’ त्यांच्या हाती सात वर्षंसुद्धा राहिला नाही.

या गोष्टीत आगरकरांच्या पत्नी यशोदाबाईंचं नाव घेतल्यावाचून मला पुढं जाववत नाही. त्या व्रतवैकल्यं करणाऱ्या, देवधर्म मानणाऱ्या. नवऱ्याच्या लेखणीनं घरावर ओढवलेला समाजाचा राग त्यांनीही सोसला. आगरकरांनी आपली मतं त्यांच्यावर लादली नाहीत, हे त्यांच्या मोठेपणात धरलं पाहिजे. एकहाती लिहिणाऱ्याचा हात एकच असतो, पण झळ घरातल्या सगळ्यांना लागते. माझ्या पत्रकाचा टपालखर्च बरीच वर्षं बायकोच्या पगारातून गेला, हे मी पहिल्यांदाच छापील कागदावर लिहितो आहे.

आगरकरांच्या आधी विष्णुशास्त्री चिपळूणकर होऊन गेले. सरकारी शाळेत मास्तर असताना १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ काढली. भाषा, इतिहास, टीका, परीक्षणं सगळं जवळजवळ एकाच लेखणीतून उतरलेलं. ८४ अंक निघाले, म्हणजे सात वर्षांची भरती. त्यातच नोकरी सुटली, शाळा काढली, छापखाना काढला, ‘केसरी’ निघाला. मार्च १८८२ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, विष्णुशास्त्री गेले. त्यांची अनेक मतं मला आज पटत नाहीत. जोतीराव फुल्यांविषयी त्यांनी जे लिहिलं ते वाचताना दुःख होतं. तरीही एका माणसानं एका मासिकाच्या बळावर मराठी गद्याचं वळण बदललं, हे मान्य करावंच लागतं.

इथं मी माझं लाडकं उदाहरण सांगतो, आणि त्यासाठी कराड सोडून नगर जिल्ह्यात जावं लागेल. ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलं. मुकुंदराव हे ‘दीनबंधु’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. दत्तक गेल्यामुळे आडनाव बदललं. नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून त्यांनी हे पत्र चालवलं. अशा खेड्यात छापखाना मांडायचा, खिळे जुळवायचे, यंत्र हातानं फिरवायचं, अंकांचे गठ्ठे टपालात पोचवायचे आणि त्यातून शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलायचं, हे काम मुकुंदरावांनी १९६७ साली मृत्यूनं गाठेपर्यंत केलं. सत्तावन्न वर्षं! दोन महायुद्धं झाली, कागदाची टंचाई आली, स्वातंत्र्य आलं, संयुक्त महाराष्ट्र झाला आणि तरवडीचा अंक चालूच होता.

पुण्याच्या विद्वानांना सात वर्षांत दम लागला आणि खेड्यातल्या या माणसाला सत्तावन्न वर्षं कशी पेलली? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आयुष्याची दोरी कुणाच्या हाती नसते, हे खरंच. पण मला दिसतं ते असं की मुकुंदराव ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांच्यातच राहत होते. सकाळी बांधावर जो भेटायचा तोच वाचक, नाहीतर वाचणाऱ्याच्या तोंडून ऐकणारा. अंक नाही निघाला तर दारात येऊन विचारणारं माणूस होतं. एकहाती कागदाला हजार वाचकांपेक्षा असा विचारणारा एक जास्त जगवतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

सगळ्यांचा संसार असा एका जागी होत नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांचा ‘प्रबोधन’ १९२१ मध्ये मुंबईत निघाला, पुढे बिऱ्हाड आणि छापखान्यासह आमच्या सातारा रोडला आला आणि तिथून पुण्याला गेला. पाठीशी कारखाना असेल तर गोष्ट वेगळी होते. किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं ते कारखान्याचं एक लहानसं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. त्यांच्या हौसेतून आणि मेहनतीतून त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. तिथं पुढे हात वाढले, म्हणून ते या लेखाच्या कक्षेबाहेर जातं. पण सुरुवात एकाच माणसाच्या खटाटोपातून झाली, हे सांगली-साताऱ्याच्या माणसानं विसरू नये.

आता नदीकाठी परत येतो. संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येक कराडकराचे पाय यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी रेंगाळतात. राजकारणी यशवंतरावांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आठवतात ते रोज काहीतरी लिहून ठेवणारे यशवंतराव. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते संरक्षणमंत्री होते. त्या धामधुमीच्या दिवसांतही त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये तिच्या आधारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं, म्हणजे बेचाळीस वर्षं त्या नोंदी वाट पाहत होत्या. परदेश दौऱ्यांवरून ते पत्नी वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहीत. पाहिलेली शहरं, भेटलेली माणसं, मनात आलेले विचार त्यांत आहेत, आणि ‘विदेश दर्शन’ या नावानं त्यांचं पुस्तकही झालं. एकाच वाचकासाठी काढलेले अंकच म्हणा ना ते.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. १९८४ मध्ये ‘कृष्णाकाठ’ हा आत्मचरित्राचा पहिला खंड आला. देवराष्ट्राच्या जन्मापासून १९४६ पर्यंतचा काळ त्यात आहे. पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले आणि ते खंड लिहायचे राहिले. कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात त्यांचा ग्रंथसंग्रह आहे. तिथं गेलो की न लिहिलेल्या त्या दोन खंडांची जागा मला रिकामी दिसते.

माझ्या पत्रकानं भरती-ओहोटी दोन्ही पाहिल्या. पहिल्या वर्षी शेहेचाळीस पाकिटांना महिन्याला वीस-बावीस पत्रं उत्तरादाखल यायची. तिसऱ्या वर्षी ती चारांवर आली. विट्याचे एक निवृत्त मास्तर मात्र न चुकता पोस्टकार्ड टाकायचे, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवायचे आणि शेवटी “पुढील अंकाची वाट पाहतो” एवढं लिहायचे. पुष्कळदा रात्री अकराला दमून बसलो असताना त्या ओळीसाठी मी लेखणी उचलली आहे.

एक चूक माझ्या हातून झाली. चुलतबहिणीच्या घरातलं दुखणं मी नाव न घेता, पण ओळखू येईल असं लिहिलं. मला ती माझीही गोष्ट वाटली होती. तिला ती चव्हाट्यावर आल्यासारखी वाटली. दोन वर्षं ती आमच्याकडे आली नाही. तेव्हापासून दुसऱ्याचं काही लिहायचं झालं तर आधी त्याला वाचून दाखवतो, आणि तो नको म्हणाला तर पान फाडतो. एकहाती लिहिण्यात वर संपादक नसतो, म्हणून हे काम स्वतःच करावं लागतं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा चौदा महिने अंक निघाला नाही. त्या काळात मी फक्त औषधांच्या वेळा लिहिल्या. आज ती वही उघडली की तिच्यात माझ्या कुठल्याही लेखापेक्षा आई जास्त सापडते. खंड पडला म्हणून मला तेव्हा अपराधी वाटायचं. आता वाटत नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोयनेतून पाणी सुटत होतं, पाऊस थांबत नव्हता, आणि नदी घरात शिरली. तळमजल्यावरच्या फडताळात माझ्या वह्या आणि जुने अंक होते. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं निळं होऊन वाहून गेलं, बॉलपेनाचं टिकलं. झेरॉक्सचे अंक चिखलानं चिकटून विटेसारखे झाले. सांगलीकडच्या माणसांचं जे गेलं त्यापुढे हे काहीच नव्हतं, म्हणून कुणाला बोललो नाही. पण महिन्याभरानं विट्याहून एक पार्सल आलं. मास्तर आता हयात नव्हते. त्यांच्या सुनेनं त्यांच्या ट्रंकेतले माझे अंक पाठवले होते, सुतळीनं बांधून, अनुक्रमानं लावलेले, लाल शाईच्या खुणांसकट. एकूण ६३. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पार्सलमध्ये मिळालं, आणि ते सांगायला आई नव्हती.

वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून काढला, तो वाईतल्याच एका घरात सापडलेल्या जुन्या पत्रांवर उभा होता. पानिपतच्या काळातली ती पत्रं लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहितो आहोत असं कुठं वाटलं असेल? आमच्या भागातल्या किती घरांत १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची नोंद असलेल्या, उसाच्या पहिल्या पट्टीचा हिशेब असलेल्या, बाळंतपणाच्या खर्चाच्या, ओव्यांच्या वह्या असतील. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. वाचकहो, या वर्षी देण्याआधी एकदा उघडून पाहा. अक्षर लागत नसेल तर घरातल्या थोरांना विचारा. फडताळात खालच्या कप्प्यात ठेवू नका, पाणी तिथंच आधी पोचतं. जागाच नसेल तर गावच्या वाचनालयात नेऊन द्या, निदान मोबाइलवर पानापानाचा फोटो काढून ठेवा.

आणि एक विनंती माझ्यापुरती. १९९८ ते २००३ या काळातले माझे अकरा अंक अजून मिळालेले नाहीत. ज्या शेहेचाळीस घरांत ते गेले, त्यांपैकी कुणाच्या ट्रंकेत, पुस्तकात, देवघराच्या कप्प्यात एखादा असेल, तर पाठवायची घाई नाही, पण तो सांभाळून ठेवा. मी येऊन पाहून जाईन.