सच्छिद्र काच टिपणार रोगाची चाहूल!

रंगद्रव्याची खूण न लावता एखादा जैविक रेणू ओळखता येईल काय? सच्छिद्र सिलिकॉनच्या साह्याने ते शक्य असल्याचे कॅलिफोर्नियातील मायकेल सेलर, रेझा घादिरी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. हायड्रोफ्लोरिक आम्लात विद्युतप्रवाह सोडून सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म छिद्रांचा थर तयार करतात. हा थर पाण्यात झिजतो. म्हणून ऑक्सिजनमध्ये तापवून त्याची काच केली जाते. छिद्रांत बसविलेल्या प्रतिपिंडांना नेमका रेणू चिकटला, की थराचा अपवर्तनांक बदलतो आणि परावर्तित प्रकाशातील व्यतिकरणाचे पट्टे सरकतात. थरावर समांतर रेषांची नक्षी असल्यास विवर्तनातील बदलही मोजता येतो. प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावणात हे सोपे. खरी कसोटी रक्ताची. त्यातील इतर प्रथिनेही पृष्ठभागाला चिकटतात आणि नसलेला रोग असल्याचा भास होऊ शकतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लेप दिल्यास हा उपद्रव बराच कमी होतो.