एक गाणं, दोन फौजा

मंडळी, प्रेमाची गाणी पुष्कळ आणि लढाईचीही पुष्कळ. पण एकमेकांवर बंदुका रोखून बसलेल्या दोन फौजांनी रात्री एकच प्रेमगीत ऐकावं, आणि दोघांनीही ते आपलंच म्हणावं, असं क्वचित घडतं. दुसऱ्या महायुद्धात ते घडलं. गाणं जर्मन भाषेतलं. नाव 'लिली मार्लीन'.

त्याची सुरुवात त्याच्याही आधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात झाली. हान्स लाइप हा हॅम्बुर्गचा तरुण. पेशानं शाळामास्तर. 1915 साली तो सैन्यात दाखल झाला होता आणि रशियाच्या आघाडीवर रवाना होण्यापूर्वी बर्लिनच्या बराकीवर पहारा करीत होता. तिथं त्यानं एक छोटी कविता लिहिली. बराकीच्या फाटकाशी एक दिवा आहे, त्या दिव्याखाली शिपाई आपल्या मैत्रिणीला भेटत असे. आता तो निघाला आहे, आणि तिथं पुढं कोण उभं राहील, याची त्याला काळजी आहे. विषय एवढाच. शेवटी तर असं वाटतं की, हा शिपाई मेल्यानंतर बोलतो आहे आणि धुक्यातून त्याच दिव्यापाशी परत येऊ पाहतो आहे. लिली आणि मार्लीन ही दोन निरनिराळ्या मुलींची नावं. कवीनं ती एकत्र जोडली, असं त्यानं स्वतःच पुढं सांगितलं.

कविता बावीस वर्षं तशीच पडून राहिली. 1937 साली ती लाइपच्या एका संग्रहात छापून आली. तिला पहिली चाल लावली रुडॉल्फ झिंक यांनी. लाले अँडरसन नावाची गायिका ती चाल आपल्या बैठकीत म्हणत असे. पुढं 1938 साली नॉर्बर्ट शुल्ट्से यांनी दुसरी चाल लावली. हे शुल्ट्से सरकारी प्रचाराची युद्धगीतंही बांधत. कवी विरहाचा आणि चालकर्ता रणगीतांचा, असा तो जोड होता. आणि माझ्या मते गाण्याचं बळ त्यातच आहे. ताल पावलं टाकायला लावणारा, कवायतीचा. शब्द मात्र मागं वळून पाहणारे.

2 ऑगस्ट 1939 रोजी बर्लिनमध्ये लाले अँडरसनच्या आवाजात या गाण्याची तबकडी निघाली. आरंभी बिगुल वाजतो, तो छावणीत रात्र झाल्याचा इशारा. मग बाईंचा आवाज येतो. आवाज मोठा नाही, फार कमावलेलाही नाही; शेजारची बाई दारात उभी राहून बोलावी तसा. तबकडी खपली नाही. महिन्याभरात, 1 सप्टेंबरला, जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि लोकांना दुसरे उद्योग लागले.

गाण्याला जीव दिला तो रेडिओनं. 1941 च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजांनी युगोस्लाव्हिया घेतला आणि बेलग्रेडचं रेडिओ केंद्र त्यांच्या हाती पडलं. सैनिकांसाठी तिथून कार्यक्रम सुरू झाले. पण वाजवायला तबकड्याच नव्हत्या. व्हिएन्नाहून जुन्या, पडून राहिलेल्या तबकड्यांचा एक गठ्ठा आणला गेला. त्यात ही होती. हाताशी फारसं काही नव्हतं म्हणून ती पुन्हा पुन्हा लागे. मध्यंतरी ती बंद केली, तर सैनिकांच्या पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा केंद्रानं नियमच केला : रोज रात्री 10 ला 3 मिनिटं कमी असताना, कार्यक्रम संपवताना, 'लिली मार्लीन' वाजवायचं.

आता, बेलग्रेडचा आवाज आफ्रिकेच्या वाळवंटात कसा पोचला, असं कोणी विचारील. बेलग्रेड ते तोब्रुक हे सरळ अंतर सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्ली रेल्वेनं जितकं पडतं जवळजवळ तितकं. आपल्या गावात अनुभव घ्या. मध्यमलहरींवर दिवसा जवळचंच केंद्र लागतं. रात्र पडली की परप्रांतातली, परदेशांतली केंद्रं ऐकू येऊ लागतात. आकाशात फार उंचावर विद्युत्भारित हवेचे थर आहेत. दिवसा उन्हामुळं त्यांतला खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वर जातात आणि तिथून परतून शेकडो मैलांवर उतरतात. बेलग्रेडचं केंद्र शक्तिशाली होतं, गाण्याची वेळ रात्रीची. नॉर्वेपासून लिबियापर्यंत पसरलेल्या शिपायांना ते ऐकू जाई. शास्त्राच्या तासाला मास्तरांनी हे उदाहरण जरूर घ्यावं.

पण लहरींना आपला आणि परका कळत नाही. वाळवंटात जर्मनांच्या समोर ब्रिटिशांची आठवी सेना होती. तिचेही शिपाई रात्री रेडिओ फिरवत आणि बेलग्रेड लावत. शब्द कळत नसत. चाल पाठ झाली. या आठव्या सेनेत आपली माणसंही होती. 1942 च्या जूनमध्ये तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा पलटणीची दुसरी बटालियन तिथं लढत होती.

इकडं बर्लिनमध्ये प्रचारमंत्री गोबेल्स यांना हे गाणं मुळीच रुचलं नव्हतं. शिपायानं जिंकायचं सोडून दिव्याखालची मुलगी आठवावी आणि वर मरणाची भाषा बोलावी, हे त्यांना कसं चालावं! त्यातच लाले अँडरसनचा स्वित्झर्लंडमधल्या ज्यू मित्रांशी पत्रव्यवहार असल्याचं उघडकीला आलं. 1942 मध्ये तिच्या गाण्यावर बंदी आली. त्या दिवसांत तिनं जीव देण्याचाही प्रयत्न केला. 1943 साली तिला पुन्हा रंगमंचावर येऊ दिलं. पण एका अटीवर, 'लिली मार्लीन' म्हणायचं नाही. ज्या गाण्यानं ती घरोघर पोचली तेच तिला तोंडातून काढायची चोरी. सत्तेला गाण्याचं भय वाटतं ते असं.

ब्रिटिशांपुढची अडचण निराळी होती. आपले शिपाई शत्रूच्या भाषेतलं गाणं गुणगुणतात, हे बरं दिसेना. आणि तोंड तर बंद करता येईना. मग 1944 साली टॉमी कॉनर यांनी त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले. अॅन शेल्टननं ते गायलं, व्हेरा लिननं गायलं. अमेरिकेत पेरी कोमोनं तबकडी काढली. इंग्रजी गाण्यात मरणाची छाया पुसून टाकली आहे. उरला तो गोड विरह. ऐकायला ते छान आहे, पण मला ते थोडं धुवून इस्त्री केल्यासारखं वाटतं.

एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या गळ्यातून नव्यानं म्हणणं, याला इंग्रजीत 'कव्हर' म्हणतात. आपल्याकडं याला वेगळं नाव देण्याची गरजच पडली नाही. जात्यावरची ओवी या गावाहून त्या गावाला सासरी गेली की तिच्यातलं नदीचं नाव बदलतं, भावाचं नाव बदलतं. चाल तीच राहते.

लिलीचंही तसंच झालं. फक्त काळ युद्धाचा, म्हणून बदलही तिखट झाले. फ्रान्समध्ये सुझी सोलिडोरनं जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ते फ्रेंचमधून गायलं आणि युद्धानंतर तिला त्याचा जाब द्यावा लागला. बी.बी.सी.च्या जर्मन कार्यक्रमात लुसी मानहाइम या परागंदा जर्मन नटीनं 1943 साली त्याच चालीवर निराळंच काही म्हटलं : घरी वाट पाहणारी लिलीच युद्धाला कंटाळली आहे, आणि त्या दिव्याच्या खांबाला हिटलरलाच टांगलेला पाहण्याची इच्छा ती बोलून दाखवते. जर्मनांचं गाणं जर्मन भाषेतच त्यांच्यावर उलटवलं.

त्याहून मला आवडते ती इटलीतल्या शिपायांची कारागिरी. 1944 च्या जूनमध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. इटलीच्या डोंगरांत आठवी सेना मरतच होती. याच लढाईत 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा वेळी शिपायांच्या कानावर आलं की, लेडी अॅस्टर या खासदार बाईंनी इटलीतल्या फौजेला फ्रान्सची लढाई चुकवणारे कामचुकार म्हटलं. बाईंनी खरोखर तसं म्हटल्याचा पुरावा नाही. पण शिपायांनी ती शिवी उचलली आणि 'लिली मार्लीन'च्या चालीवर आपलं गाणं रचलं. आम्ही इथं मजेत आहोत, दारू आहे, ऊन आहे, असं हसत हसत सांगत ते गाणं शेवटी डोंगरावरच्या लाकडी क्रुसांपाशी येतं, तेव्हा हसू थांबतं.

मार्लीन डीट्रिख ही जर्मनीत जन्मलेली नटी हिटलरच्या राज्याला विटून अमेरिकेची नागरिक झाली होती. ती आघाडीवर जाऊन अमेरिकन शिपायांपुढं हे गाणं म्हणे. 1945 साली तिची इंग्रजी तबकडी निघाली. आज पुष्कळांना गाणं माहीत आहे ते तिच्यामुळं. लाले अँडरसन युद्धाच्या अखेरीस लांगेओग बेटावर राहिली. 1961 साली, पंचावन्नाव्या वर्षी, युरोपच्या गीतस्पर्धेत ती पश्चिम जर्मनीतर्फे गायली. 1972 मध्ये व्हिएन्नात वारली.

ज्या शाळेत साधन आहे तिथं मुलांना दोन्ही बायांचं गाणं पाठोपाठ ऐकवावं. आधी अँडरसनचं, मग डीट्रिखचं. अर्थ आधी सांगू नये. पहिलीत बिगुल आहे आणि पावलांचा ठेका आहे. दुसरीत अकॉर्डियन आहे, गती संथ आहे, आवाज खालचा, घोगरा. यांतलं कोणतं निघालेल्याचं आणि कोणतं मागं राहिलेल्याचं वाटतं, ते मुलांना विचारावं. उत्तरं एकसारखी येणार नाहीत.