इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बदलताय? आधी जुना चार्जर बाजूला ठेवा

इचलकरंजीच्या मामानं मागच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनचे फोटो पाठवले. खाली एकच ओळ: "तू पत्रकार आहेस ना, सांग यातलं कुठलं घेऊ?"

मामाची स्कूटर लो-स्पीडवाली. ताशी 25 किलोमीटरच्या आतली, लायसन्स आणि नंबरप्लेट न लागणारी. तिच्यातल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या दोन वर्षांत दमल्या होत्या आणि दुकानदार 'आता लिथियमच टाका' म्हणत होते. दोन्ही कागदांवर '60 व्होल्ट, 30 एएच, लिथियम' असं सारखंच लिहिलेलं. किमतीत मात्र साडेआठ हजारांचा फरक. स्वस्तवाल्यानं वर हेही सांगितलं होतं की, "चार्जर आहे तोच चालेल, तेवढा खर्च वाचला."

या दोन कागदांत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याच वाक्याची.

'60 व्होल्ट' म्हणजे नक्की किती?

बॅटरी पॅक म्हणजे एकच मोठी बॅटरी नसते. आत छोटे छोटे सेल एकामागोमाग जोडलेले असतात. 60 व्होल्ट हे या माळेचं ढोबळ नाव. पूर्ण चार्ज झाल्यावर ती किती व्होल्टला थांबली पाहिजे, हे आतल्या सेलच्या प्रकारावर ठरतं.

लेड-ॲसिडच्या 12 व्होल्टच्या 5 बॅटऱ्या जोडल्या की 60 व्होल्ट होतात. त्यांचा चार्जर साधारण 73 ते 74 व्होल्टपर्यंत जातो. आता त्या जागी एनएमसी प्रकारच्या लिथियम सेलचा पॅक आला, असं समजा. 60 व्होल्टच्या अशा पॅकमध्ये बऱ्याचदा 16 सेल ओळीनं असतात आणि एका सेलची कमाल मर्यादा 4.2 व्होल्ट असते. म्हणजे हा पॅक 67.2 व्होल्टला थांबायला हवा. जुना चार्जर त्याला 73 पर्यंत ढकलणार. प्रत्येक सेलच्या वाट्याला 4.5 व्होल्टपेक्षा जास्त येणार.

मधे फक्त एकच राखणदार उभा असतो, तो म्हणजे बीएमएस. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम नावाचं हे छोटं सर्किट प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की चार्जिंग तोडतं. पण स्वस्त पॅकमध्ये पैसे वाचवायचे असतील तर पहिली कात्री त्यालाच लागते. चुकीचा चार्जर आणि कमकुवत बीएमएस एकत्र आले तर सेल आतून तापतो. एका मर्यादेनंतर ती उष्णताच पुढची रासायनिक क्रिया पेटवत जाते, शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या शेजारचा. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. त्यानंतर प्लग काढून काही उपयोग नसतो.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला 7 वर्षांचा मुलगा वाचू शकला नाही. त्याच महिन्यात सिकंदराबादमध्ये तळमजल्याखालच्या ई-स्कूटर शोरूमला आग लागली आणि वरच्या हॉटेलमधल्या 8 जणांचा जीव गेला. त्याआधी एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या 40 पैकी 20 नव्या स्कूटर जळाल्या होत्या.

या वर्षानंतर नियम कडक झाले. दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-156 या मानकात बदल करून 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. एक सेल पेटला तर आग पूर्ण पॅकमध्ये पसरते का, याची चाचणीही त्यात आली. पण हे मान्यता घेऊन विकल्या जाणाऱ्या गाड्यांपुरतं झालं. गल्लीतल्या दुकानात जोडून मिळणारा पॅक या चाचणीतून गेलाय की नाही, हे ग्राहकालाच विचारावं लागतं. मामासारखे लोक नेमके इथेच अडकतात.

एलएफपी की एनएमसी?

लिथियम म्हटलं तरी त्यात दोन मुख्य जाती. एनएमसी हलकी, कमी जागेत जास्त वीज साठवणारी. एलएफपी थोडी जड, थोडी मोठी, पण जास्त तापमान सोसणारी. तिच्या रसायनातून सहज ऑक्सिजन सुटत नाही, त्यामुळे ती भडकण्याची शक्यता कमी असते. तिचं आयुष्यही जास्त. नीट वापरली तर एनएमसी साधारण हजार चार्जिंग देते, एलएफपी दोन हजारांच्या आसपास किंवा पुढे.

एनएमसी वाईट असते असं नाही. चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच स्कूटर तिच्यावरच चालतात आणि तिला सांभाळणारी यंत्रणा त्या नीट बनवतात. पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात गाडी उभी राहणार असेल आणि बॅटरी बाहेरून बदलून घ्यायची असेल, तर माझं मत एलएफपीच्या बाजूनं. चार किलो वजन वाढलं तर वाढू दे. मात्र तिलाही तिचाच चार्जर लागतो. एलएफपीचा 20 सेलचा पॅक 73 व्होल्टला भरतो, आणि तोच चार्जर शेजाऱ्याच्या एनएमसी पॅकला लावला की वरचं गणित पुन्हा सुरू. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असं नसतं.

कागदावरच्या आकड्यांचंही एक साधं गणित आहे. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-तास. 60 गुणिले 30 म्हणजे 1800, अर्थात 1.8 युनिट वीज. स्कूटरला किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 वॅट-तास लागतात असं धरलं, तर 60 ते 70 किलोमीटर. दुकानदार याच पॅकवर '120 जाईल' म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही किती विश्वास ठेवायचा ते कळतं.

दुकानात काय विचारायचं?

सेल कुठल्या कंपनीचे, नवे की जुन्या पॅकमधून काढलेले? बीएमएस किती अँपिअरचा, आणि त्याला तापमानाचा सेन्सर आहे का? एआयएस-156चं प्रमाणपत्र दाखवता का? चार्जर सोबत मिळतो का, आणि त्यावर छापलेले व्होल्ट पॅकशी जुळतात का? जीएसटी बिलावर पॅकचा सिरियल नंबर लिहून द्याल का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण बरेचजण तिथेच चुळबुळ करतात. नंबरप्लेट असलेली गाडी असेल तर बाहेरचा पॅक बसवूच नका. वॉरंटी जाते, आणि विनापरवानगी केलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडकू शकतो.

घरी आणल्यावर

गाडी चालवून आलात की लगेच प्लग लावू नका. अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्या. रोज शून्यावर आणून शंभर करण्यापेक्षा 20 ते 80 टक्क्यांच्या मधे वापरली तर ती जास्त टिकते. एलएफपी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर मीटर टक्के चुकीचे दाखवतो. गावाला जाताना निम्मी भरलेली ठेवा.

रात्रभर चार्जिंग करू नका, हे सगळे सांगतात. मी त्यात जागेचं जोडेन. आपल्याकडे स्कूटर किंवा बॅटरी हमखास दाराजवळ नाहीतर जिन्याखाली असते, कारण तिथेच सॉकेट असतं. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद. अर्थिंग असलेलं भिंतीतलं सॉकेट वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि आजूबाजूला गाद्या, कपडे, सिलिंडर नको.

पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून चार्ज करणं ही कोल्हापूर-सांगलीकरांनी विशेष टाळायची गोष्ट. पॅकवर आयपी67 लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. दोन दिवस बुडालेल्या गाडीला तो लागू नाही.

पॅक फुगला, नेलपॉलिशसारखा वास आला, फुसफुस आवाज आला किंवा कनेक्टर वितळल्यासारखा दिसला तर वापर थांबवा. धूर दिसला तर बॅटरी उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडू नका. हाताशी असेल तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करून 'लिथियम बॅटरी आहे' असं सांगा. तो धूर विषारी असतो. आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

मामानं शेवटी महागवाला एलएफपी पॅक घेतला, चार्जरसकट. जुना चार्जर 'असू दे, कधी उपयोगी पडेल' म्हणून माळ्यावर ठेवणार होता. मामीनं तो पाच जुन्या बॅटऱ्यांबरोबर दुकानदाराला परत देऊन टाकला.