सायकल हलकी करता करता

गेल्या पावसाळ्यात आमच्या आठवीतल्या लेकीच्या बुरख्याची कड सायकलच्या साखळीत अडकली. कापड फाटले, गुडघा फुटला. घरी आल्यावर दादी म्हणाल्या, "बस झाली सायकल." शाळा घरापासून ४ किलोमीटरवर. सायकल बंद म्हणजे रोजचे रिक्षाभाडे, नाहीतर हळूहळू शाळाच बंद. शिक्षकाच्या घरात तरी असे होऊ नये, म्हणून आम्ही सायकलकडेच नीट पाहायचे ठरवले.

आमचे फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. औरंगजेबाच्या काळातली म्हणून ओळखली जाणारी सराई आजही गावात उभी आहे. म्हणजे प्रवाशांच्या सोयीचा विचार इथे जुनाच. लेणी पाहायला येणाऱ्यांपैकी काही जण सायकलीवर येतात. त्यातल्या एकाची सायकल पाहून लेक थबकली होती. तिला गिअर नव्हते आणि साखळीही नव्हती. साखळीच्या जागी काळा, दातेरी पट्टा होता.

हा पट्टा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्यात कार्बनचे धागे असतात. तो साखळीपेक्षा हलका असतो, गंजत नाही, त्याला तेल लागत नाही. चिखल झाला तर पाणी ओतले की काम झाले. जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने १९८०च्या दशकातच पट्ट्याच्या सायकली काढल्या होत्या. सलवारीला तेलाचे डाग नकोत, म्हणून लेकीने हट्ट धरला, "अब्बा, आपल्या सायकलला हाच बसवू या."

मिस्त्रींनी तो हट्ट एका वाक्यात संपवला, "पट्टा आत घालणार कुठून?" शिलाई मशीनचा चामडी पट्टा आपण कापतो आणि तारेच्या आकड्याने जोडतो. सायकलच्या साखळीचीही कडी उघडते. हा पट्टा मात्र अखंड असतो. तो बसवायला सायकलच्या सांगाड्याचा मागचा त्रिकोण एका जागी उघडता यावा लागतो. शिवाय पुढचे आणि मागचे चक्र अगदी एका रेषेत हवे आणि ताण नेमका हवा. पट्टा सैल पडला की दात्यांवरून उड्या मारतो. चांगला सांगाडा कापून हे करणे म्हणजे निव्वळ इसराफ. आणि कापड तर पट्ट्यातही अडकतेच!

मग आम्ही जुनीच सायकल सुधारली. भंगारवाल्याच्या काट्यावर ती १९ किलो भरली. कॅरिअर, जड स्टँड आणि पुढचे मडगार्ड काढले. आमची काळी माती मडगार्डमध्ये भरली की चाक जाम होते. लोखंडी रिमच्या जागी अॅल्युमिनियमच्या रिम बसवल्या. चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी काढली असती, तर वजन आणखी उतरले असते. पण अपघात झाला तोच मुळी चेनकव्हर मोडलेले होते म्हणून. तेव्हा तिथे वजनाचा विचार केला नाही. उलट पूर्ण झाकणारे नवे कव्हर घेतले.

खरा फरक पडला तो मागच्या फ्रीव्हीलने. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात २६ इंची सायकल सुमारे ५ मीटर जाते. मागे २२ दात्यांचे बसवले, तेव्हा ती सव्वाचार मीटर जाऊ लागली. वेग थोडा कमी झाला, पण चढावर पायांवरचा जोर बराच घटला. साखळीला एक जोड कडी वाढवली, कव्हरची मागची टोपी जरा ठोकून घेतली, आणि काम झाले.

काट्यावर सायकल आता साडेसोळा किलो भरली. आम्ही खुशीत होतो. तेवढ्यात लेकीने दप्तर काट्यावर ठेवले. सहा किलो!

अडीच किलो कमी करायला आम्ही चार रविवार घालवले होते, आणि सहा किलो तिच्या पाठीवर रोज आम्हीच, म्हणजे शिक्षक मंडळीच, लादत होतो. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे, असे २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितले आहे. लेकीचे वजन ३८ किलो. हिशेब तुम्हीच करा.

आता आमच्या वर्गात वह्या शाळेच्या कपाटात राहतात. लेकीच्या शाळेतही आम्ही हीच विनंती केली आहे. लेक सायकलीवर जाते. दादी रोज दारात उभ्या राहून दुआ पढतात, आणि निघण्याआधी चेनकव्हर हाताने हलवून पाहतात.